हा कॉम्प्युटर काहीही लक्षात ठेवत नाही

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या माडीवर अभ्यासिका आहे. खाली लाल मातीचा हौदा, वर चाळीसभर खुर्च्या आणि खिडकीजवळ दोन जुने कॉम्प्युटर. पोरं-पोरी पहाटे येतात, रात्री उशिरा जातात. कुणाची पोलीस भरती, कुणाची तलाठी, कुणाची एमपीएससी. मी दिवसा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनचे, प्रोग्रॅम करतो आणि संध्याकाळी सातनंतर या दोन कॉम्प्युटरांकडे बघतो. ते काम मला कुणी दिलेलं नाही, आवडतं म्हणून करतो.

दोन्हीवर विंडोज ७ होती. तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलेला. फॉर्म भरायच्या मोसमात तर रोज काही ना काही व्हायचं. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचा, फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायचे, ब्राउझर उघडला की भलतीच पानं. मी रात्री बसून साफ करायचो, आठवड्यात पुन्हा तेच. पण मी हे सगळं बदलायला घेतलं ते व्हायरसमुळे नाही.

एका रविवारी डिस्क भरली म्हणून डाउनलोडचा फोल्डर उघडला. आत आधार कार्डं, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, दहावीच्या गुणपत्रिका, पासपोर्ट फोटो, सह्यांचे स्कॅन, बँकेच्या पासबुकाची पहिली पानं. शेकड्यांनी. एका दाखल्याच्या कोपऱ्यावर तो धरून फोटो काढणाऱ्याचा अंगठा आलेला होता, नखाला मेंदी. त्यातल्या कितीतरी नावांना मी चेहऱ्यानं ओळखतो. कुणीही यावं, पेनड्राइव्ह लावावा आणि सगळं घेऊन जावं, अशी ती अवस्था. पोरं आपल्यावर विश्वास ठेवून इथं बसतात, फॉर्म भरतात, घाईत उठून जातात. त्यांना ‘फाइल पुसून जा’ हे सांगून चालणार नव्हतं. जो कॉम्प्युटर सगळ्यांचा आहे त्यानं कुणाचंच काही जवळ ठेवू नये, एवढं त्या दिवशी माझ्यापुरतं पक्कं झालं.

लाइव्ह सिस्टिम, म्हणजे डिस्कवर न बसवता थेट चालणारी सिस्टिम, मला माहीत होती. लिनक्सची (विंडोजसारखीच, पण फुकट मिणारी सिस्टिम) आख्खी सिस्टिम एका आयएसओ फाइलमध्ये, म्हणजे आख्ख्या सीडीची नक्कल असलेल्या एका फाइलमध्ये, असते. आत स्क्वॉशएफएस प्रकारची एक मोठी दाबून बसवलेली फाइल असते. ती फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. सुरू झाल्यावर सिस्टिम तिच्यावर रॅममधला एक पातळ थर पसरते. तुम्ही जे काही कराल, फाइल उतरवा, सेटिंग बदला, व्हायरस आणा, ते सगळं त्या थरावर. वीज गेली की थर गेला. खालची मूळ फाइल होती तशीच.

पहिले दोन महिने मी हे पेनड्राइव्हवरून चालवलं. चाललं, पण रखडत. हे कॉम्प्युटर यूएसबी २.० चे, डेस्कटॉप दिसायला तीन मिनिटांच्या वर जायची. शिवाय पेनड्राइव्ह पुढच्या पोर्टला लटकलेला. एका मुलानं आपलाच समजून तो चालू मशीनमधून उपसला आणि समोरची सिस्टिम जागच्या जागी गोठली. फॉर्म भरत असलेली मुलगी नुसती बघत राहिली. पुढच्या महिन्यात तो पेनड्राइव्हच नाहीसा झाला. कुणी मुद्दाम नेला असं मी मानत नाही. छोटी वस्तू, चाळीस माणसं.

मग विचार केला, डब्यात ३२० जीबीची डिस्क बिनकामाची फिरते आहे. आयएसओ तिच्याच एका पार्टिशनवर, म्हणजे कप्प्यात, ठेवली आणि थेट तिथूनच उचलली तर? इन्स्टॉल करायचं नाही, फाइल फोडायची नाही. फाइल म्हणूनच ठेवायची आणि तिच्यातून बूट करायचं, म्हणजे सिस्टिम सुरू करायची.

डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीची, एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपवाली लाइव्ह आयएसओ घेतली, जवळपास तीन जीबी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवलेली पहिली फाइल अर्धवट निघाली. हे कळलं ते फाइलवरून निघणारा शा-२५६ चा आकडा जुळवून बघितला म्हणून. चौसष्ट अक्षरांची ओळ असते, ती डेबियननं दिलेल्या ओळीशी तंतोतंत जुळायला हवी. जुळली नाही, पुन्हा उतरवली. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती गाळली असती तर पुढच्या सगळ्या चुका मी या फाइलच्या माथी मारल्या असत्या.

शनिवारी रात्री अभ्यासिका बंद झाल्यावर बसलो. नवीन घेतलेल्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टिम सुरू केली, डिस्कचे कप्पे पाडणारं जीपार्टेड उघडलं आणि जुनी विंडोज पुसली. दहा जीबीचं एक ईएक्सटी४ (लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीचं) पार्टिशन केलं, त्याला ‘तालीम’ असं लेबल दिलं. आयएसओ त्याच्या मुळाशीच टाकली, कुठल्या फोल्डरात नाही. मग तिथूनच ग्रब हा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू झाल्यावर सिस्टिम उचलणारा छोटा प्रोग्रॅम, डिस्कच्या सुरुवातीला बसवला आणि त्याचा फोल्डर याच पार्टिशनवर ठेवला. इथपर्यंत अर्धा तास. खरं काम पुढे होतं.

ग्रबला आयएसओच्या आत बघता येतं, आणि ही त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्याच्या काळ्या पडद्यावर सी दाबलं की कमांड लिहायची जागा मिळते. ‘लूपबॅक’ अशी कमांड देऊन आयएसओचं नाव सांगितलं की ती फाइल त्याला एखाद्या वेगळ्या डिस्कसारखी दिसू लागते. मग ‘एलएस’ लिहून आतले फोल्डर वाचता येतात. डेबियनमध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीपुरती लागणारी छोटी सिस्टिम) या दोन फाइली ‘लाइव्ह’ नावाच्या फोल्डरात असतात, उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये तोच फोल्डर ‘कॅस्पर’. फाइलींची नावंही आवृत्तीगणिक बदलतात, शेपटीला आकडे लागतात. म्हणून कुणीतरी लिहिलेली ओळ डोळे झाकून उतरवण्यापेक्षा आत जाऊन नाव बघावं. टॅब दाबला की ग्रब नाव पुरंही करून देतो.

कर्नल सांगितला, इनिटआरडी सांगितली, बूट म्हटलं. पडद्यावर अक्षरं धावली, मला वाटलं झालं. मिनिटभर थांबून संदेश आला की लाइव्ह फाइल सिस्टिम असलेलं माध्यम सापडत नाही, आणि मी इनिटआरडीच्याच, म्हणजे इनिटरॅमएफएसच्या, उघड्या कमांडवर येऊन थांबलो.

हे काही केल्या पटेना. फाइल याच डिस्कवर आहे, आत्ता दहा सेकंदांपूर्वी ग्रबनं तिच्याच आतून कर्नल काढून दिला आणि कर्नल म्हणतो सापडत नाही? अकरा वाजून गेले होते. खाली हौद्याजवळ वस्ताद झोपायच्या तयारीत होते, त्यांचा रेडिओ बारीक आवाजात चालू होता. मी तीनदा तेच करून बघितलं, तीनदा तेच उत्तर.

उत्तर सुचलं ते सोमवारी कारखान्यात, पाळी बदलताना. आमच्याकडे पहिल्या पाळीचा ऑपरेटर मशीनवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावतो, ड्रॉइंग टेबलावर पसरतो, टूलचे ऑफसेट, म्हणजे मापातले फरक, डोक्यात ठेवतो. तीन वाजता तो जातो. दुसऱ्या पाळीचा येतो तेव्हा त्याला मशीन दिसतं, जॉब दिसतो. पण पहिल्याच्या डोक्यातलं काही त्याच्याकडे येत नाही. रजिस्टरला लिहून ठेवलं असेल तेवढंच त्याला कळतं. लिहिलं नसेल तर तो पुन्हा शून्यापासून शोधतो.

ग्रब हा पहिल्या पाळीचा माणूस. तो बायोसच्या, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमच्या, मदतीनं डिस्क वाचतो, लूपबॅकनं आयएसओ उघडतो, तिच्यातून कर्नल आणि इनिटआरडी काढून रॅममध्ये ठेवतो आणि घरी जातो. जाताना त्याचं लूपबॅकही जातं. दुसऱ्या पाळीवर कर्नल येतो. तो स्वतःचे ड्रायव्हर घेऊन डिस्क नव्यानं ओळखतो. त्याच्या लेखी ‘तालीम’ पार्टिशनवर तीन जीबीची कुठलीशी फाइल पडली आहे, बस. तिच्या आत आपलं घर आहे हे त्याला कोण सांगणार?

ते सांगायची जागा म्हणजे कर्नलच्या ओळीच्या शेवटी लिहायचे पर्याय, आणि हेच त्याचं रजिस्टर. डेबियनसाठी तिथे ‘फाइंडआयएसओ=’ लिहून फाइलचा पत्ता द्यायचा. उबुंटूच्या घराण्यात त्याचं नाव ‘आयएसओ-स्कॅन/फाइलनेम=’. मग इनिटआरडीतली स्क्रिप्ट एकेक पार्टिशन उघडते, त्या पत्त्यावर फाइल आहे का बघते, सापडली की तिला स्वतः नव्यानं जोडते आणि आतल्या स्क्वॉशएफएसपर्यंत पोचते.

सोमवारी रात्री पर्याय लिहिला, तरी तोच संदेश. या वेळी चूक लगेच सापडली. लाइव्ह पेनड्राइव्हवरून काम करताना ते पार्टिशन ‘मीडिया’ फोल्डरखाली दिसत होतं, मी तोच लांबलचक पत्ता उतरवला होता. पण पत्ता त्या पार्टिशनच्या मुळापासून द्यायचा असतो. फाइल मुळाशीच असेल तर एक तिरकी रेघ आणि फाइलचं नाव, संपलं. तेवढं केलं आणि डेस्कटॉप आला. घड्याळ लावून बघितलं, सव्वा मिनिट. मी खाली जाऊन वस्तादांना उठवलं नाही, पण उठवावं असं वाटलं खरं.

मग ते सगळं ग्रबच्या मेनूच्या फाइलमध्ये नीट लिहून ठेवलं आणि घरी गेलो. सकाळी सहाला फोन. “दादा, कॉम्प्युटर चालू होईना, डिस्क सापडत नाही म्हणतोय.”

याचं कारण ग्रबची मोजणी. तो डिस्क शून्यापासून मोजतो आणि पार्टिशन एकपासून. जुना ग्रब पार्टिशनही शून्यापासून मोजायचा, त्यामुळे जुन्या सूचना वाचणाऱ्याचा हमखास घोळ होतो. माझा घोळ वेगळा होता. मी रात्री कामाचा पेनड्राइव्ह लावूनच ठेवला होता. या मशीनच्या बायोसनं पेनड्राइव्हला पहिला नंबर दिला, म्हणून आतली डिस्क ‘एचडी१’ झाली, आणि मी तेच मेनूत लिहिलं. रात्री पेनड्राइव्ह काढून घरी नेला, डिस्क झाली ‘एचडी०’, आणि मेनू गेला नसलेल्या डिस्कच्या शोधात. मशीनवर झिरो सेट केल्यावर जॉब सरकवायचा नसतो हे मी शिकाऊ पोरांना रोज सांगतो. इथे तर जॉब आपोआप सरकतो, कारण कुणीही कधीही पेनड्राइव्ह लावणार. म्हणून नंबर काढूनच टाकला. ग्रबची ‘सर्च’ कमांड आहे, ती लेबलवरून पार्टिशन शोधते. ‘तालीम’ लेबल असलेलं पार्टिशन शोध आणि तेच मूळ मान, असं लिहिलं. त्यानंतर किती पेनड्राइव्ह आले-गेले, मेनू चुकला नाही.

आता दुसरा प्रश्न. दर वेळी कोरी सिस्टिम म्हणजे दर वेळी मराठी कळफलक गायब, प्रिंटर गायब, ब्राउझरमधल्या नेहमीच्या साइट गायब. पोरांनी रोज प्रिंटर कुठून जोडायचा? डेबियनच्या लाइव्ह सिस्टिममध्ये यासाठी सोय आहे. ‘पर्सिस्टन्स’ असं लेबल दिलेलं आणखी एक पार्टिशन करायचं, त्यात ‘पर्सिस्टन्स.कॉन्फ’ नावाची एका ओळीची फाइल ठेवायची (तिरकी रेघ, मोकळी जागा, ‘युनियन’), आणि कर्नलच्या ओळीत ‘पर्सिस्टन्स’ लिहायचं. मग बदल रॅमऐवजी त्या पार्टिशनवर साठतात. पण मग आधार कार्डंही साठणार! ज्यासाठी एवढं केलं तेच परत.

दोन रात्री यावरच गेल्या. शेवटी लाइव्ह-बूटच्या, म्हणजे डेबियनची लाइव्ह सिस्टिम सुरू करणाऱ्या भागाच्या, माहितीपुस्तिकेत एक शब्द सापडला, ‘पर्सिस्टन्स-रीड-ओन्ली’. साठवलेलं वाच, पण त्यावर लिहू नकोस. नवीन बदल रॅममध्येच ठेव. मला हवं होतं ते नेमकं हेच. मेनूत दोन नोंदी केल्या. एक देखभालीची: तिच्यात पर्सिस्टन्स लिहिण्यासकट चालू, आणि ग्रबचाच पासवर्ड लावलेला. दुसरी रोजची: रीड-ओन्ली, पाच सेकंदांत आपोआप सुरू होणारी. देखभालीतून आत जाऊन मराठी कळफलक बसवला, प्रिंटर जोडला, भरतीच्या सरकारी साइटच्या खुणा करून ठेवल्या, ब्राउझरचा इतिहास पुसला आणि बाहेर आलो. रोजच्या नोंदीत हे सगळं तयार मिळतं आणि दिवसभराचं काहीही त्यात मिसळत नाही.

दुसऱ्या मशीनला ८ जीबी रॅम आहे, तिथे ‘टूरॅम’ हा पर्यायही लावला. त्यात आयएसओतला माल सुरुवातीलाच रॅममध्ये उतरतो. सुरू व्हायला वेळ जास्त, पण नंतर ब्राउझर टचकन उघडतो. ४ जीबीच्या मशीननं याला सरळ नकार दिला, रॅम पुरत नाही म्हणून. तीन जीबीचा माल ४ जीबीत बसवल्यावर चालायला जागा कुठून राहणार?

पहिल्या आठवड्यात वस्ताद वर आले. त्यांना नातवाचा फोटो बघायचा होता, जो त्यांनी आदल्या दिवशी कुणाकडून तरी डेस्कटॉपवर काढून घेतला होता.

“आरं, कालचं ह्यात कायच दिसंना की.”

मी म्हटलं, “वस्ताद, रोज सकाळी हा नव्यानं सुरू होतो. कालचं ठेवत नाही.”

थोडा वेळ ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग ठीक हाय. हौद्याची माती बी आपण रोज उकरून सपाट करतोयच की. कालच्या पोराचा डाव आजच्या पोराच्या पाठीला कशाला लागाय पायजे.” फोटो त्यांना मी मोबाइलवर मागवून दिला.

एकदा मात्र मला फार वाईट वाटलं. गडहिंग्लजकडची एक मुलगी इथे मावशीकडे राहून भरतीची तयारी करते. तिनं शेवटच्या दिवशी फॉर्म भरला, पैसे भरले, पावती डेस्कटॉपवर ठेवली आणि प्रिंट काढणार तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली, दोन सेकंदही तग धरला नाही. लाइट आल्यावर ती पडद्यासमोर बसली. स्वच्छ, रिकामा डेस्कटॉप. “दादा, माझी पावती कुठं गेली?” तिचा आवाज अजून आठवतो. पावती साइटवर पुन्हा लॉगिन करून मिळाली, अर्जही नीट पोचला होता. पण ती दहा मिनिटं तिच्यावर मी आणली होती. जो कॉम्प्युटर विसरतो तो विसरणार आहे हे बसणाऱ्याला आधीच दिसलं पाहिजे, आणि ते मी कुठेच लिहिलं नव्हतं.

त्या रात्री कुणी म्हणालं, फाइली ठेवायला एक सामायिक फोल्डर कर. मी नाही केला आणि करणारही नाही. तो फोल्डर महिन्याभरात पुन्हा तो जुना डाउनलोड फोल्डर झाला असता. त्याऐवजी देखभालीतून आत जाऊन डेस्कटॉपचं चित्र बदललं. भगव्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘हा कॉम्प्युटर काहीही लक्षात ठेवत नाही. उठण्याआधी आपले कागद मेलवर पाठवा किंवा पेनड्राइव्हवर घ्या. मग मशीन बंद करून पुन्हा सुरू करा.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण पुन्हा सुरू केल्याशिवाय थर जात नाही. नुसतं उठून गेलं तर पुढच्याला सगळं दिसतं. आणि मंडळाच्या बैठकीत उभं राहून यूपीएसच्या दोन नव्या बॅटऱ्या मंजूर करून घेतल्या. गणपतीच्या वर्गणीतून दिल्या त्यांनी, कुणी हूं की चूं केलं नाही.

कुणी हे आपल्याकडे करणार असेल तर एवढं ध्यानात घ्यावं की ही तिजोरी नाही. लाइव्ह सिस्टिममध्ये प्रशासकाचे अधिकार बिनपासवर्डचे असतात, ज्याला कळतं तो डिस्कवरचं पार्टिशनही पुसू शकतो. अजून कुणी तसं केलेलं नाही. दुसरं, आयएसओ जागच्या जागी जुनी होत जाते. ब्राउझर मी दर पंधरा दिवसांनी देखभालीतून नवा करतो, पण कर्नल तसा नवा होत नाही. पर्सिस्टन्समध्ये नवा कर्नल बसवला तरी ग्रब उचलतो तो आयएसओमधलाच. त्यासाठी आयएसओच बदलावी लागते, आणि नव्या आवृत्तीच्या आयएसओवर जुनं पर्सिस्टन्स टाकायचं नाही. ते पार्टिशन कोरं करून प्रिंटर-कळफलक पुन्हा लावायचे, तासाभराचं काम.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आली तेव्हा ‘तालीम’मध्ये जुन्या फाइलशेजारीच तिची आयएसओ ठेवली आणि मेनूत तिसरी नोंद केली. दहा जीबीत दोन्ही आरामात बसल्या. नव्या फाइलचं नाव वेगळं, म्हणून फाइंडआयएसओचा पत्ताही वेगळा. महिनाभर ती पोरांच्या हातून चालवून बघितली. प्रिंटर नीट चालला तेव्हा जुनी काढली.

दोन्ही मॉनिटरच्या मागे मी कागद चिकटवला आहे. पार्टिशनांची लेबलं, मेनूतल्या नोंदी कशासाठी आहेत ते, आणि शेवटी आयएसओ बदलल्याच्या तारखा. मी नसलो तर पुढच्या माणसानं तिथून सुरुवात करावी.